पाळीचं ॲप: नोंद चोख, तारीख बेभरवशाची

माझं वय ४६. सांगलीत एका पतसंस्थेत कॅशियर आहे. पाळीची नोंद ठेवणारं एक ॲप मी फेब्रुवारी २०२५ पासून वापरतेय, वर्षाचे ८९९ रुपये भरून. नाव मुद्दाम देत नाही. मैत्रिणींच्या फोनवर आणखी दोन ॲप बघितली, तीही पुढची तारीख जवळजवळ याच पद्धतीने काढतात. म्हणजे प्रश्न एका कंपनीचा नाही.

ॲप घातलं माझ्या लेकीने. ती पुण्याला शिकते. सुट्टीत आली तेव्हा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरचे माझे गोल बघून म्हणाली, "आई, भिंतीवर काय लिहितेस, फोनमध्ये लिही ना." आमच्याकडे त्या एकाच पानावर दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख आणि माझ्या पाळीचा गोल अशी वर्षानुवर्षांची वहिवाट आहे. माझी आई तर नुसती फुली मारायची, कुणी विचारलं तर "कावळा शिवला" म्हणायची.

आधी चांगलं सांगते. नोंद करणं फार सोपं. तारखेवर बोट ठेवलं की झालं. रक्तस्राव कमी, मध्यम, जास्त असे तीन थेंब, पोटदुखी, झोप, चिडचिड यांची चित्रं, आणि खाली स्वतःच्या शब्दांत लिहायला जागा. मराठी नाही, इंग्रजी आणि हिंदीवर भागवावं लागतं. कुलूप घालता येतं. तेही गरजेचं, कारण आमच्याकडे फोन सगळ्यांच्या हातात फिरतो. २०२१ साली अमेरिकेत अशाच एका ॲपच्या कंपनीवर बायकांची माहिती बाहेरच्या जाहिरात कंपन्यांना पुरवल्याबद्दल तिथल्या व्यापार आयोगाने कारवाई केली होती. तेव्हापासून मी कुठल्याही ॲपला लोकेशन आणि संपर्कयादी देत नाही. तुम्हीही देऊ नका.

आता तारखेचं. माझ्या पाळ्या अशा आल्या: ३ फेब्रुवारी, २ मार्च, ३० मार्च, २२ एप्रिल, २ जून, २१ जून. मधली अंतरं २७, २८, २३, ४१, १९ दिवस. ॲप यांची सरासरी काढतं. ती येते २८. दिवसभर आकडे जुळवणाऱ्या बाईला विचारा, ही सरासरी काय सांगते? काहीच नाही. १९ आणि ४१ मिळून जे सांगताहेत, ते तिने झाकून टाकलं. पण पडद्यावर ठळक आलं: पुढची पाळी १९ जुलै.

ती आली नाही. बारा दिवस उलटल्यावर सकाळी सकाळी संदेश: "तुम्ही गरोदर असू शकता, चाचणी करून बघा." खाली चाचणीच्या किटची जाहिरात. माझं ऑपरेशन मुलाच्या वेळीच झालंय. तरी तो संदेश वाचून हातातला डबा खाली ठेवावा लागला, इतकं धस्स झालं. ॲप सुरू करताना कशासाठी वापरणार म्हणून विचारतं तेव्हाही पर्याय तीनच: पाळीची नोंद, गर्भधारणा हवी, गर्भधारणा नको. पाळी जाण्याच्या वयाची बाई त्यांच्या हिशेबातच नाही.

८ ऑगस्टला पाळी आली, ४८ दिवसांनी. सरासरी झाली ३१ आणि नवी तारीख निघाली ८ सप्टेंबर. गौरी ३१ ऑगस्टला. म्हणजे निवांत.

ज्यांच्या घरी गौरी बसतात त्यांना या 'निवांत'चा अर्थ कळेल. सणाच्या आधी मेडिकलमध्ये पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांना किती मागणी असते! त्या गोळ्या पाळीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करायच्या असतात. म्हणजे सगळं तारखेवरच. मी ॲपवर विसंबून गोळ्या घेतल्या नाहीत. आवाहनाच्या दिवशीच, शेपूची भाजी कढईत असताना, पाळी आली. २३ व्या दिवशी. मुखवटे जाऊबाईंनी बसवले, मी मागच्या खोलीत. आमच्या घरची रीत तशी आहे; ती असावी का, यावर माझं आणि सासूबाईंचं बोलणं अजून चालू आहे.

पण सण चुकल्यापेक्षा पुढचं वाईट होतं. ते अंगावरून जाणं थांबेना. अकरा दिवस. तासाला एक पॅड, मोठ्या गाठी, जिना चढताना धाप. ॲपमध्ये मी रोज तीन थेंब भरत होते आणि ॲप शांत होतं. उशीर झाला तर संदेश पाठवणारं हे ॲप, अकरा दिवस 'जास्त' भरल्यावर एका शब्दाने म्हणालं नाही की बाई, डॉक्टरकडे जा. माझा खरा राग यावर आहे.

शेजारणीने सल्ला दिला, "पिशवी काढून टाक, कटकट जाईल." बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने वाचलंय. मला ते आठवलं आणि मी आधी डॉक्टर गाठली.

डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो तारखांचा. मी ॲपचा अहवाल दाखवला. हा अहवाल फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळतो. त्यांनी सरासरीकडे बघितलंही नाही, अंतरांवर पेन फिरवलं. म्हणाल्या, "अंतर सात किंवा जास्त दिवसांनी मागेपुढे व्हायला लागलं आणि होतच राहिलं, की पाळी जाण्याची सुरुवात झाली असं आम्ही धरतो. पण बाकीचं काही नाही ना, ते बघायलाच हवं." मग विचारलं, दिवसाला पॅड किती, गाठी केवढ्या, याआधी असं कधी. पॅडचा आकडा मी टिपणात लिहिला होता म्हणून सांगता आला. तीन थेंबांवरून तो कळला नसता. आणि 'याआधी'चं उत्तर ॲपकडे नव्हतंच. ते निघालं मागच्या बाजूच्या पाककृतींसाठी जपून ठेवलेल्या जुन्या कालनिर्णयांत: बदल २०२४ च्या दिवाळीपासूनच सुरू झाला होता.

हिमोग्लोबिन ८.६ निघालं. थायरॉईड ठीक. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर जाड दिसलं, म्हणून त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. या वयात असा रक्तस्राव झाला की ही तपासणी टाळू नये, असं मॅडम म्हणाल्या. अहवाल यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. अहवाल चांगला आला. मॅडमनी समजावलं ते असं: या वयात काही महिने बीज बाहेर पडतच नाही, मग प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार होत नाही, अस्तर वाढत राहतं आणि एकदम ढासळतं. तीन महिने गोळ्या दिल्या, जोडीला लोहाच्या गोळ्या, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. डिसेंबरमध्ये हिमोग्लोबिन ११.२ झालं. पिशवी काढायचा विषयही निघाला नाही.

मॅडमनी आणखी एक सांगितलं ते ॲपमध्ये कुठेच नाही: सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरायचं, आणि त्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी थांबायचं नाही, लगेच यायचं.

तर माझे गुण: नोंदीसाठी पाचपैकी चार, तारखेसाठी एक. लेकीची पाळी नियमित आहे, तिला हे ॲप पुरतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईने भाकीत बंद करून वापरावं; सेटिंगमध्ये ती सोय आहे, मला सहा महिन्यांनी सापडली. रोजचे पॅड आणि गाठी टिपणात आकड्यांनी लिहा. कंपनीला मी कळवलंय: अंतर इतकं बदलत असेल तर एक तारीख दाखवू नका, आणि आठ दिवसांच्या वर रक्त जात असेल तर डॉक्टरकडे पाठवा. उत्तरात आभार आले.

वर्गणी फेब्रुवारीत आपोआप कापली जाते. ती बंद करायची असेल तर ॲप काढून टाकून चालत नाही, प्ले स्टोअरमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करावं लागतं. मी ते केलं. त्याआधी वर्षभराचा अहवाल छापून डॉक्टरांच्या फाइलला लावला, आणि २०२६ च्या कालनिर्णयवर जानेवारीचा पहिला गोल काढला.