इंजिन उघडलंच नाही आणि 84,500 रुपये घेतले

आकडा आधीच सांगून टाकते. 84,500 रुपये. इंजिनचं काम केलं म्हणून माझ्याकडून घेतले आणि इंजिन उघडलंच नव्हतं. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका मिस्त्रीने गाडी रॅम्पवर घेऊन टॉर्च मारून दाखवलं, तेव्हा मला कळलं. नागपुरात जुनी डिझेल गाडी वापरणाऱ्या प्रत्येकापर्यंत हे जावं म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते आहे. माझ्या माहेरी अजून पूर्ण रक्कम माहीत नाही. आता होईल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा काटोलच्या पुढे, घर मनीषनगरला. रोजचं जाणं-येणं 130-140 किलोमीटर. एसटीने जायचं तर आधी गणेशपेठ, मग काटोल, मग तिथून मिळेल तो ऑटो. यजमान नोकरीला चंद्रपूरला. म्हणून गेल्या जानेवारीत 3,15,000 रुपयांना 2014 ची डिझेल हॅचबॅक घेतली. 1248 सीसीचं इंजिन. त्या काळी तेच इंजिन तीन-चार कंपन्यांच्या गाड्यांत बसत होतं, पार्ट कुठेही मिळतात, हाताखालून गेलं नाही असा मिस्त्री शहरात सापडणार नाही. सगळा विचार करून घेतली होती. माझं भांडण त्या इंजिनाशी नाही, आजही नाही.

गाडी घेतली रिंग रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या एका दुकानातून. सकाळी साडेआठला गेलो होतो, थंडी कडाक्याची, आणि बोनेट गरम होतं. भाऊजी म्हणालेही, "वहिनी, गाडी गरम आहे." दुकानदार म्हणाला, "आत्ताच धुवून आणली ना भाऊ." आम्ही मान डोलावली. थंड इंजिन किती सेल्फमध्ये सुरू होतं आणि पहिल्या मिनिटात धूर कसला निघतो, हेच जुन्या डिझेल गाडीत पाहायचं असतं, आणि नेमकं तेच आम्हाला पाहू दिलं नाही. गाडी बघायला न सांगता जा. बोनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा न घेता परत या.

ऑगस्टमध्ये त्रास सुरू झाला. सकाळी तीन-तीनदा सेल्फ मारावा लागे. सुरू झाली की पांढरा धूर, त्याला कच्च्या डिझेलचा वास, आणि टकटक आवाज. फेटरीच्या पुढे ट्रक ओलांडायला जावं तर पिकअपच नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "टेन्शन काहून घेता मॅडम, आपलाच माणूस आहे, त्याच्याकडे टाका." आपलाच माणूस म्हणजे त्याचा, हे मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

त्या माणसाने स्कॅनर लावला, त्याचे 1,200 घेतले, आणि दहा मिनिटांत निकाल दिला. "ताई, इंजिन बसलं. रिंग-पिस्टन गेले. हेड खोलावं लागते." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं नाही. काहीच तपासलं नाही. 92,000 सांगितले, घासाघीस करून 84,500 वर आला. वर म्हणाला, "अशीच विकाल तर दीड लाखाला कोणी घेणार नाही."

मी वेडी नव्हते. मी हिशोब केला होता. अशीच विकली तर 1,50,000 हातात येणार, म्हणजे सात महिन्यांत 1,65,000 पाण्यात. 84,500 घातले तर गाडी निदान पाच वर्षं चालणार. नवीन घ्यायची ऐपत नाही, पुन्हा जुनी घ्यावी तर पुन्हा तोच धोका. तुम्ही माझ्या जागी असता तर हेच ठरवलं असतं. आजही मी तसंच ठरवीन. हिशोब बरोबर होता, फक्त ज्याच्यावर तो मांडला तो बिघाडच खोटा होता. दुरुस्ती करायची की गाडी विकायची हे नंतर ठरवा, आधी बिघाड काय आहे हे दोन वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांकडून बघून घ्या.

पतसंस्थेतून 60,000 उचलले. 40,000 यूपीआयने दिले, आणि नाव भलत्याच माणसाचं दिसलं. विचारलं तर "भाच्याचा नंबर आहे" म्हणाला. चार दिवसांनी 20,000 रोख. गाडी घेताना 24,500 रोख. बिल म्हणजे लेटरपॅडचा कागद, त्यावर "इंजिन वर्क कम्प्लीट" आणि रक्कम. ना जीएसटी नंबर, ना एकाही पार्टचं नाव. असा कागद हातात पडला तर शेवटचा हप्ता देऊ नका, तिथेच उभ्या राहा.

आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री झोप लागत नाही.

काम चालू असताना एक दिवस मी शाळेतून परस्पर गॅरेजवर गेले. संध्याकाळचे सहा वाजले असतील. माझी गाडी मागच्या कोपऱ्यात, बोनेट वर, त्यावर ताडपत्री टाकलेली. म्हटलं, बघू द्या. तर म्हणाला, "धूळ जाते ताई, झाकूनच ठेवावं लागते." आणि एका पत्र्याच्या ट्रेमधून पिस्टन काढून माझ्या हातात दिला. "हे पाहा, तुमच्याच गाडीचा. आज सकाळीच काढला. रिंगा पाहा कशा गेल्या." मी पाहिला. जड होता. रिंगांवर तांबूस गंज होता. हाताला भुकटी लागली, ती रुमालाला पुसली. रुमालावर विटकरी डाग पडला.

माझे बाबा संत्र्याच्या बागेत विहिरीवर डिझेल इंजिन चालवायचे. लहानपणी मी ऑइलचा डबा धरून त्यांच्याजवळ बसायची. डिझेल इंजिनचं ऑइल कसं असतं हे मला कोणी शिकवायची गरज नाही. काजळासारखं काळं. एकदा हाताला लागलं की राखेने घासा, साबणाने घासा, नखांच्या कडांना दोन दिवस राहतं. सकाळी चालत्या इंजिनातून काढलेला पिस्टन त्या काळ्या ऑइलने माखलेला असतो. त्याच्या रिंगांना गंज येईलच कसा? गंज चढायला तो पार्ट कुठेतरी तेलाविना पडून राहावा लागतो, बरेच दिवस. माझ्या हातात गंजक्या रिंगांचा कोरडा पिस्टन होता आणि रुमालावर विटकरी डाग. घरी आल्यावर तो रुमाल नळाखाली धरला तर डाग जवळजवळ निघूनच गेला. तेव्हाही मी दोन मिनिटं तशीच उभी होते. मनात आलं होतं. मी खोटं बोलणार नाही, मनात आलं होतं.

मग का नाही बोलले? कारण 60,000 जाऊन बसले होते. कारण गाडी खोलून पडलेली आहे असं मला वाटत होतं, आणि खोललेली गाडी उचलून नेणार कुठे? कारण दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती आणि सकाळी पावणेसहाची एसटी धरायची होती. आणि तो माणूस मला सारखं ताई म्हणत होता. बाई होते म्हणून फसवलं असं जे मला सांगतात, त्यांना माझं सांगणं आहे की भाऊजी दोनदा सोबत होते, त्यांच्याही हातात त्याने तोच पिस्टन ठेवला होता.

गाडी मिळाली, सात आठवडे बरी चालली. ऑक्टोबरमध्ये परत तोच पांढरा धूर, तीच टकटक. त्याच्याकडे नेली तर ऐकूनच म्हणाला, "आता टर्बो गेला. 38,000." तेव्हा मात्र गाडी सुरू केली आणि निघून आले.

शाळेतल्या एका सहकाऱ्याने कामठी रोडकडच्या एका वयस्क मिस्त्रींचं नाव सांगितलं. पंप-नोझलचं काम करतात. त्यांनी धुराचा वास घेतला आणि मला विचारलं, "मॅडम, ऑइल कमी होते का?" नाही. "पाणी?" नाही. "मग रिंगा गेल्या कोण म्हणाला?" रिंगा गेल्या तर धूर निळसर येतो, ऑइल पितं, आणि चालू गाडीत ऑइल भरायचं झाकण काढलं की आतून फसफस वाफ मारते. माझी डिपस्टिक जशीच्या तशी होती. ही तीन लक्षणं मला ऑगस्टमध्ये घरच्या अंगणात पाहता आली असती, फुकट.

मग त्यांनी चारही इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या, रिटर्नला (उरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला) पारदर्शक नळ्या लावून चार छोट्या बाटल्या टांगल्या आणि गाडी सुरू ठेवली. तीन बाटल्यांत तळाशी थोडं थोडं डिझेल आलं. तिसऱ्या नंबरची बाटली डोळ्यांदेखत भरत गेली. म्हणजे तो एक इंजेक्टर आतून गळत होता, बस. तरी त्यांनी ग्लो प्लग काढून कॉम्प्रेशनही घेतलं. चारही सिलिंडरचे आकडे पुरेसे आणि एकमेकांच्या जवळ. म्हणजे पिस्टन-रिंगा ठणठणीत. "नवीन टाकल्यात ना," मी म्हणाले. ते काहीच बोलले नाहीत. गाडी रॅम्पवर घेतली आणि खालून टॉर्च मारला.

पिस्टन काढायचा तर वरून हेड काढावं लागतं आणि खालून चेंबर, म्हणजे ऑइलचं भांडं, उतरवावा लागतो, त्याशिवाय पिस्टनच्या रॉडचे बोल्ट हाताला येत नाहीत. माझ्या चेंबरच्या प्रत्येक बोल्टवर तेल-मातीचा जाड, वाळलेला थर होता. पाना लागल्याची एक खूण नाही. नवीन सीलंटची कड कुठेच नाही. वरच्या कव्हरच्या बोल्टांवर कंपनीने मारलेल्या रंगाच्या रेघा अखंड. "मॅडम, हे इंजिन कोणीच उघडलं नाही." सात आठवडे गाडी बरी का चालली, तर त्यांच्या अंदाजाने टाकीत इंजेक्टर सफाईचं औषध टाकलं असेल आणि स्कॅनरवरचा बिघाडाचा कोड पुसला असेल.

त्यांचं बिल 16,600. इंजेक्टर फिटिंगसकट 11,800, तपासणीचे 1,200, ऑइल-फिल्टर 3,600. नव्या इंजेक्टरचा कोड स्कॅनरने गाडीत भरून दिला, तोही कागदावर लिहून. जुना इंजेक्टर पिशवीत घालून दिला. जुना पार्ट मागून घ्यायचाच, आणि तो काढताना फोनवर व्हिडिओ घ्यायचा. पार्टवर आधीच मार्करने सही करून ठेवता आली तर उत्तम.

यानंतर मी पोलिसांकडे गेले, आणि इथून पुढचं लिहिताना हात थरथरतो. पहिल्या ठाण्यात सांगितलं, गॅरेज आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात दीड तास बाकावर बसवलं आणि म्हणाले, "काम पसंत नाही पडलं तर कोर्टात जा, हा दिवाणी मामला आहे." काम पसंत नाही पडलं! काम झालंच नाही, हे मी तीनदा सांगितलं. फोटो दाखवले, ते फोनकडे न बघता म्हणाले, "पक्कं बिल आहे का?" अर्ज लिहून नेला तर पोच द्यायला तयार नाहीत. शिक्का मारायला काय जातं? तिसऱ्या खेपेला एकाने सल्ला दिला, "मॅडम, पुढच्या वेळी ओळखीच्या माणसाकडे जा." मुलांना नागरिकशास्त्र मी शिकवते. कोणत्या तोंडाने शिकवू?

तुम्हाला असं परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), फसवणूक, सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र गुन्हा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणाचीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. नाहीच घेतली तर लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवता येते. मी पोलीस उपायुक्तांच्या नावे स्पीड पोस्ट केली आहे. पावती जपून ठेवली आहे. उत्तर अजून नाही.

दुकानदाराचं काय म्हणून आरटीओतही गेले. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. या दुकानाकडे ते आहे का, एवढाच माझा प्रश्न. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून "ऑनलाइन बघा", ऑनलाइन काही उघडेना, परत खिडकीवर तर जेवणाची सुट्टी. एक अर्धी रजा त्यात गेली, दुसरी पोलिसांत गेली. रजेचा पगार कोण देणार? गाडी घेण्याआधीच दुकानदाराला ते प्रमाणपत्र दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर उठा.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली. कामासाठी दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. यूपीआयचे 40,000 पुराव्यात आहेत. रोख दिलेल्या 44,500 ला त्या लेटरपॅडच्या कागदाशिवाय काही नाही. रोख देऊ नका. कोणी कितीही ताई म्हणो, रोख देऊ नका.

कामठी रोडच्या मिस्त्रींनी आपल्या लेटरहेडवर, तारखेसह लिहून दिलं आहे की हेड आणि चेंबर पूर्वी उघडल्याची कोणतीही खूण नाही. चेंबरचे बोल्ट मी मुद्दाम पुसू दिलेले नाहीत. सर्व्हिसिंगलाही तिथे पाणी मारू नका म्हणून सांगते. पुढची तारीख 17 ला आहे. गाडी घेऊनच जाणार आहे. ज्याला बघायचं असेल त्याने खाली वाकून बघावं.