एमपीएचची वाट पाहताना: अमेरिका, ब्रिटन की इथली जागा?

बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी किंवा फार्मसी झालेली महाराष्ट्रातली मुलं-मुली सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी साधारण तीन दारं ठोठावतात. अमेरिकेतलं एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ), ब्रिटनमधलं एका वर्षाचं एमएस्सी किंवा एमपीएच, आणि टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) यांसारख्या इथल्या संस्था. अर्ज भरेपर्यंत तुलना फी आणि रँकिंगवर चालते. अर्ज गेल्यावर ती फारशी कामाची राहत नाही. मग बघायचं असतं ते एवढंच: कोण कधी उत्तर देतं, किती दिवसांत पैसे भरायला लावतं आणि माघार घेतली तर त्यातलं किती परत करतं.

ढोबळ हिशेब असा. ब्रिटन सर्वांत आधी उत्तर देतं, जागा धरून ठेवायची अनामत सर्वांत मोठी मागतं आणि ती सहसा परत करत नाही. अमेरिका फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कळवते. अनामत बहुधा काही शे डॉलरची, पण तीही बुडीत धरायची. भारतातली जागा मे-जूनशिवाय नक्की होत नाही, मात्र फी परत मिळण्याची शक्यता इथेच जास्त. सगळा गुंता या उलट्या क्रमाचा आहे.

अमेरिका: ‘सबमिट’ झालं म्हणजे पोचलं नव्हे

बहुतेक अमेरिकी शाळांचे, म्हणजे विद्यापीठांतल्या सार्वजनिक आरोग्याच्या ‘स्कूल्स’चे, अर्ज ‘सोफास’ या सामाईक यंत्रणेतून जातात. इथे वाट पाहण्याचे टप्पे दोन आहेत आणि लोक ते एकच समजतात. आधी सोफासची पडताळणी, मग विद्यापीठाची समिती. शुल्क कापलं गेलं तरी गुणपत्रकं आणि शिफारसपत्रं पोचेपर्यंत अर्ज ‘कम्प्लीट’ होत नाही, आणि त्यानंतर कुठे ‘व्हेरिफाइड’ अशी नोंद दिसते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या गर्दीत या पडताळणीलाच चार आठवडे जाऊ शकतात. काही शाळा मुदतीसाठी सादर केल्याची तारीख धरतात, काही पडताळणी पूर्ण झाल्याची. दुसऱ्या प्रकारच्या शाळेत ३० नोव्हेंबरला बटण दाबणाऱ्याची १ डिसेंबरची मुदत हुकलेलीच असते.

आपल्याकडच्या अर्जांची गाडी अडते ती पदव्या तपासणाऱ्या ‘वेस’ या संस्थेपाशी. परदेशी पदवीचं ‘कोर्स बाय कोर्स’ मूल्यांकन लागतं, तेही आयकॅप (पडताळलेल्या गुणपत्रकांसह पाठवल्या जाणाऱ्या) प्रकारातलं, आणि ते पाठवण्याचं ठिकाण म्हणून सोफास निवडलेलं. स्वस्त म्हणून साधं मूल्यांकन मागवलं, किंवा अहवाल फक्त स्वतःच्या पत्त्यावर घेतला, तर तो सोफासच्या दृष्टीने आलेलाच नसतो. ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाने दिलेली गुणांची अधिकृत नोंद) वेसकडे विद्यापीठाकडून थेट जावी लागते, नाहीतर विद्यापीठाच्या शिक्क्याच्या बंद पाकिटातून. आत काय आहे ते बघायला पाकीट उघडलं, की ते बाद. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे असोत की मुंबई-पुण्याचे, ट्रान्स्क्रिप्टसाठी अर्ज ऑगस्टमध्येच करावा. शिफारसपत्रांचंही तसंच. सरांच्या मेलवर दुवा जातो, तो स्पॅममध्ये पडतो, आणि सरांना वाटतं मुलाने पाठवलाच नाही. दुवा गेला त्याच दिवशी फोन करून तो डोळ्यांनी बघायला सांगा.

याहून बारीक आणि खास आपली अडचण म्हणजे नाव. महाराष्ट्रातल्या गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि पुष्कळदा शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. लग्नानंतर पासपोर्ट बदलला असेल तर वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलेलं. पलीकडे बसलेल्या माणसाला या दोन वेगळ्या व्यक्ती वाटल्या तर त्याचा दोष नाही. सोफासमध्ये ‘दुसऱ्या नावाने कागदपत्रं आहेत का’ असा प्रश्न येतो, तिथे गुणपत्रकावरचं नाव जसंच्या तसं, त्याच क्रमाने टाका. विवाहप्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत स्कॅन करून हाताशी ठेवा.

समितीकडे अर्ज पोचल्यावरचा काळ शाळेगणिक बदलतो. ‘रोलिंग’ पद्धतीच्या शाळा अर्ज येतील तसे वाचतात आणि काही आठवड्यांत कळवतात. ठरावीक फेरी असलेल्या शाळा फेब्रुवारी-मार्चमध्ये घाऊक उत्तरं सोडतात. त्याच शाळेत मैत्रिणीला होकार आला आणि तुम्हाला काहीच नाही, यावरून फारसं अनुमान निघत नाही. एपिडेमियॉलॉजी (साथरोगशास्त्र), बायोस्टॅटिस्टिक्स, आरोग्य धोरण यांचे अर्ज पुष्कळ ठिकाणी वेगवेगळे विभाग वाचतात. चौकशीचा मेल दोनच प्रसंगी करावा: मार्चचा मध्य उलटला तर, किंवा दुसरीकडची अनामत भरायची तारीख दहा दिवसांवर आली तर. मेलमध्ये अर्जक्रमांक, अभ्यासक्रम, ती तारीख आणि एकच प्रश्न. कर्जाची, घरच्यांची कहाणी नको.

‘वेटलिस्ट’ आली तर आधी पोर्टलवर ‘यादीत राहायचं आहे’ हे नोंदवा. पुष्कळजण तेच विसरतात. मग एका पानाचं पत्र. त्यात अर्जानंतर घडलेलं काहीतरी हवं: लागलेला निकाल, नवी नोकरी, स्वीकारला गेलेला शोधनिबंध. ‘मी अजूनही उत्सुक आहे’ एवढंच लिहायचं असेल तर पत्र न पाठवणं बरं. जागा हलतात त्या बहुधा एप्रिलच्या मध्यानंतर, कारण अनेक शाळांची अनामतीची मुदत १५ एप्रिलच्या आसपास असते. त्या तारखेला इतरांनी सोडलेल्या जागा मोकळ्या होतात.

कधीकधी होकार येतो, पण मागितलेल्या विषयात नाही. एपिडेमियॉलॉजी मागितली, मिळालं ‘जनरल एमपीएच’. बहुतेकजण आनंदात हो म्हणून टाकतात. थांबा आणि शाळेला त्या अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड (अमेरिकी सरकारचा विषयक्रमांक) विचारा. एपिडेमियॉलॉजीचा २६.१३०९ आणि बायोस्टॅटिस्टिक्सचा २६.११०२ हे स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या, सरकारी यादीत आहेत. सर्वसाधारण सार्वजनिक आरोग्याचा ५१.२२०१ त्या यादीत नाही. म्हणजे शिक्षणानंतर काम करायला एकीकडे १२ अधिक २४ महिने आणि दुसरीकडे फक्त १२. कर्ज काढून जाणाऱ्यासाठी हा फरक कोणत्याही रँकिंगपेक्षा मोठा आहे. हा कोड शेवटी आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या प्रमाणपत्रावर) छापून येतो, पण तोवर अनामत गेलेली असते.

अनामतीनंतरची रांग अशी: पहिल्या वर्षाच्या खर्चाइतकी रक्कम किंवा कर्जमंजुरीचं पत्र दाखवायचं, आय-२० येतं, ३५० डॉलरचं सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) शुल्क, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज, १८५ डॉलरचं व्हिसाशुल्क आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. २०२५ मध्ये मेअखेरीपासून जवळपास तीन आठवडे विद्यार्थी-मुलाखतींच्या नव्या तारखा देणंच थांबलं होतं. जॉन्स हॉपकिन्सचं पूर्णवेळ एमपीएच अकरा महिन्यांचं आणि तिथल्या उन्हाळ्यातच सुरू होणारं; अशा अभ्यासक्रमाला तीन आठवड्यांचा खोळंबाही जड जातो. ऑगस्टअखेर सुरू होणाऱ्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांना तेवढी उसंत मिळते.

ब्रिटन: उत्तर लवकर, बिल मोठं

ब्रिटनमध्ये अर्ज बहुतेकदा थेट विद्यापीठाकडे जातो आणि उत्तर पुष्कळदा काही आठवड्यांत येतं. उत्तर ‘कंडिशनल’ असेल तर अजून काम बाकी आहे: इंग्रजीची परीक्षा, अंतिम वर्षाचं गुणपत्रक, पदवी प्रमाणपत्र. दीक्षान्त समारंभाअभावी पदवी हातात नसेल तर विद्यापीठाचं तात्पुरतं प्रमाणपत्र चालतं का, हे लेखी विचारून घ्या.

खरी घाई अनामतीची. ती भरल्याशिवाय कॅस (विद्यापीठाचं प्रवेशनिश्चितीचं पत्र) मिळत नाही आणि कॅसशिवाय व्हिसाचा अर्ज होत नाही. रक्कम पुष्कळ ठिकाणी हजारो पौंडांची असते. व्हिसा नाकारला गेला किंवा अट पूर्ण झाली नाही, तर परतावा मिळू शकतो. ‘अमेरिकेत प्रवेश मिळाला’ हे कारण परताव्याच्या नियमांत सहसा बसत नाही. म्हणून ब्रिटनचं पत्र जानेवारीत आलं आणि अमेरिकेची उत्तरं मार्चमध्ये यायची असतील, तर अनामतीची मुदत वाढवून मागा. विद्यापीठं पुष्कळदा देतात. मुदत संपायच्या आत मागितली पाहिजे, एवढंच.

पैशाचे दोन नियम चकवतात. व्हिसासाठी फीची उरलेली रक्कम आणि राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस हवा. सत्ताविसाव्या दिवशी वीजबिल कापलं जाऊन शिल्लक एका रुपयाने खाली गेली, की मोजणी पुन्हा एकपासून. कर्जमंजुरीच्या पत्राला हा २८ दिवसांचा नियम नाही. दुसरा चकवा व्हिसाबरोबर भरायच्या आरोग्य अधिभाराचा. वर्षाला ७७६ पौंड वाचून लोक तेवढेच बाजूला काढतात. एका वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा मागेपुढे धरून वर्षाहून मोठा मिळतो, त्यामुळे दीड वर्षाचे १,१६४ पौंड भरावे लागतात. भारतातून जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रातली क्षयरोग तपासणीही लागते. तिचं प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं, तेव्हा फेब्रुवारीत उत्साहाने करून ठेवू नका.

विवाहितांसाठी: जानेवारी २०२४ पासून ब्रिटनमध्ये शिकवणीच्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सवर जोडीदाराला किंवा मुलांना अवलंबित म्हणून नेता येत नाही. अमेरिकेत एफ-२ या अवलंबितांच्या व्हिसावर नेता येतं, पण जोडीदाराला तिथे नोकरी करता येत नाही. शिकून झाल्यावर थांबण्याचा ब्रिटनचा दोन वर्षांचा परवाना १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १८ महिन्यांवर येणार आहे.

शिष्यवृत्तीचं घड्याळ वेगळं

ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला जातात आणि निकाल जूनच्या सुमारास लागतो. ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत विनाअट पत्र मिळवून ठेवावं लागतं. अनामत मात्र त्याआधी मागितली जाते. चेव्हनिंगच्या निकालाची वाट बघतोय असं विद्यापीठाला कळवलं, तर काही विद्यापीठं ती लांबवतात.

राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीसारख्या राज्याच्या योजनांना विनाअट प्रवेशपत्र आणि क्यूएसच्या जागतिक विद्यापीठ-क्रमवारीतला क्रमांक लागतो. इथे एक सापळा आहे. लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिन ही या विषयातली जगातली नावाजलेली संस्था, पण ती एकाच क्षेत्रातली असल्याने क्यूएसच्या सर्वसाधारण यादीत नसते, विषयवार यादीत असते. शिष्यवृत्तीच्या भरवशावर असाल तर त्या वर्षीच्या जाहिरातीतली अट वाचल्याशिवाय तिथली अनामत भरू नका.

भारत: उशिरा येणारी, पण धरून ठेवता येणारी जागा

टिसचा प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेशपरीक्षेतून होतो. परीक्षा मार्चमध्ये, गुण एप्रिल-मेमध्ये, त्यानंतर संस्थेची पुढची फेरी. म्हणजे अमेरिकेच्या अनामतीची तारीख येईल तेव्हा टिसचं काहीच ठरलेलं नसतं. परीक्षेचा अर्ज मात्र हिवाळ्यात भरावा लागतो. परदेशाचं नक्की समजून तो न भरणं ही यातली सर्वांत स्वस्तात टाळता येणारी चूक.

टिस किंवा पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी यूजीसीचे परताव्याचे नियम लागू होतात. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून, असं यूजीसीने ठरवलं होतं. आपल्या वर्षाचं परिपत्रक काढून तारीख बघा. मूळ कागदपत्रं संस्थेने अडकवून ठेवायची नाहीत, हेही त्याच नियमांत आहे. पोच मात्र लेखी घ्या. व्हिसाच्या मुलाखतीला मूळ गुणपत्रकं हातात हवीत. जिपमर, पीजीआय चंडीगड, श्री चित्रा यांसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांचे नियम स्वतःचे असतात, आणि जागा सोडल्यास दंडाचं कलमही असू शकतं. माहितीपुस्तिकेत ते कलम शोधून मगच फी भरा.

कुणी काय धरावं

कर्जावर जाणाऱ्याने, दोन्हीकडून होकार असतील तर, स्टेम कोडचा अमेरिकी अभ्यासक्रम आणि ब्रिटनचा एका वर्षाचा, यांची तुलना हप्त्यावर करावी. ब्रिटनची एकूण रक्कम बहुधा कमी, पण कमावायची मुदतही कमी. बिगरस्टेम अमेरिकी एमपीएच, दोन वर्षांची फी आणि शिष्यवृत्ती शून्य, हा आमच्या मते तिन्हींतला सर्वांत कच्चा सौदा आहे, नाव कितीही मोठं असलं तरी.

परत येऊन राष्ट्रीय आरोग्य अभियानात किंवा राज्यातल्या संस्थांत काम करायचं असेल, तर टिस किंवा चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचं (एनआयई) एमपीएच परदेशी पदवीपेक्षा मागे पडत नाही. प्रत्यक्ष कामाची ओळख आणि मराठी मुलखातला अनुभव तिथे मोजला जातो. साथरोगतज्ज्ञाच्या पदांच्या जाहिरातींत वैद्यकीय पदवीसोबत ‘एमपीएच’ असा शब्द असतो, तेव्हा ब्रिटनमध्ये एमएस्सी आणि एमपीएच दोन्ही मिळत असतील तर पदवीच्या नावाकडेही बघा.

प्रवेश पुढच्या वर्षी ढकलायचा विचार असेल, तर अनामत भरण्याआधी मेलवर दोन गोष्टी विचारा: प्रवेश पुढे नेता येतो का, आणि शिष्यवृत्ती त्याच्याबरोबर जाते का. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही, असं उत्तर अमेरिकेतून बरेचदा येतं. आणि जुलै उलटूनही कुठेच जुळलं नाही, तर पुढच्या ऑगस्टपर्यंत थांबायलाच हवं असं नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतल्या अच्युत मेनन केंद्राचं एमपीएच १९९७ पासून चालू आहे आणि ते जानेवारीत सुरू होतं. त्याची जाहिरात यायची वेळ होते तेव्हा बाकी सगळ्यांचे निकाल लागून गेलेले असतात.