हिरड्यांचा जुनाट आजार : नुसती खोल सफाई की सोबत जंतुनाशक चिपही?

भूम किंवा सेलूहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात आलेल्या रुग्णाला, हिरडी दातापासून सुटून 5 मिलिमीटर किंवा त्याहून खोल फट झाली असल्यास, दोन मार्ग सुचवले जाऊ शकतात. पहिला खोल सफाईचा : हिरडी बधिर करून मुळांवर घट्ट बसलेले कीटण खरवडून काढले जाते. दुसऱ्यात हीच सफाई करून फटीत क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची चिप सरकवली जाते. नखापेक्षाही लहान असलेल्या या जिलेटिनच्या चकतीत 2.5 मिलिग्रॅम औषध असते. ते 7 ते 10 दिवस झिरपत राहते आणि चिप आपोआप विरघळते. चूळ भरण्याचे औषध इतक्या खोलवर पोहोचत नाही, हा चिपचा खरा फायदा आहे.

तरीही फटीची खोली कमी करण्यात चिपचा नुसत्या सफाईपेक्षा जादा लाभ सरासरीने मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो आणि खर्च मात्र प्रत्येक फटीमागे वाढतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आधी सफाई नीट करून घ्यावी, सुमारे तीन महिन्यांनी फटी पुन्हा मोजाव्यात आणि ज्या एक-दोन जागा दाद देत नाहीत तिथेच चिप बसवावी. सफाई टाळून केवळ चिप बसवणे व्यर्थ आहे, कारण कीटणाच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात. तंबाखू, मिसरी किंवा अनियंत्रित मधुमेह असेल, तर दोन्ही उपायांचा गुण कमी येतो. अशा वेळी चिपेच्या पैशांतून आधी रक्तातील साखर तपासून घ्यावी.