स्विफ्टसाठी स्वस्तातला एअर फिल्टर: कोन, कापडी की कंपनीचा कागदीच?

सरळ मुद्द्यावर येतो. सेकंडहँड स्विफ्ट, 1.2 पेट्रोल, माझी पहिलीच गाडी, आणि फिल्टरवर पाच हजाराच्या आसपासच खर्च करायचा असं ठरवलेलं. एवढ्यात तीन गोष्टी बसतात, दोन-अडीच हजाराचा लोकल उघडा कोन पाईपसकट (फिल्टरचा बंद डबा, म्हणजे एअरबॉक्स, काढून लावायचा शंकूसारखा फिल्टर), पाच हजाराच्या आत-बाहेर के अँड एन कंपनीचा ड्रॉप-इन (गाडीच्याच एअरबॉक्समध्ये बसणारा, धुऊन वापरायचा कापडी), नाहीतर तीन-चारशेचा मारुतीचा साधा कागदी. मी ड्रॉप-इन घेतला, उन्हाळा पावसाळा दोन्ही निघाले त्यावर. चांगला आहे, पण लोक ज्या कारणासाठी घेतात त्या कारणासाठी घेऊ नका.

कोन का नाही घेतला ते आधी. मित्राच्या गाडीला आहे, डब्यावर नाव-गाव काही नसलेला. आवाज भारी येतो यात वादच नाही, सेकंडला पाय दाबला की टपरीवरची पोरं वळून बघतात. पण तो बसतो कुठे तर इंजिनाच्या अंगाला, तापलेल्या हवेत, आणि कंपनीचा एअरबॉक्स हवा घेतो बाहेरची, गार. बाहेर 30 डिग्री आणि बॉनेटखाली 60 असेल तर हवा जवळपास 9 टक्के विरळ होते, म्हणजे फिल्टर कितीही मोकळा असूदे, आत ऑक्सिजन कमीच जाणार. सिग्नलला जरा ताटकळून निघाला की त्याची गाडी ढिम्म असते हे तोही मान्य करतो. त्याहून वाईट म्हणजे क्लॅम्प सोडून पाईपच्या आतून बोट फिरवलं तर बोटाला पिवळट बारीक माती आली, आणि ही फिल्टरच्या इंजिनाकडच्या बाजूला बरं का! पिस्टनच्या रिंगा खायला एवढी बास आहे. काही किटमध्ये गार हवा मिळावी म्हणून पाईप खाली बंपरमागे नेतात, कोरड्या मुलखात चालत असेल, आपल्याकडे पुण्यात जुलैत सिंहगड रोडला पाणी तुंबलं की तोच पाईप पाणी ओढणार, आणि पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, सरळ पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिनाचं बिल बघून आवाज बंद होतो, गाडीचाही आणि आपलाही.

आता ड्रॉप-इन. बसवायला गॅरेजची गरज नाही, एअरबॉक्सचं झाकण उघडा, जुना काढा (माझ्यात वाळकी पानं आणि एक मेलेला नाकतोडा निघाला), नवा ठेवा. फक्त रबराची कड चारी बाजूंनी बोटाने दाबून बघा, एक कोपरा वर राहिला तर धूळ तिथूनच आत.

फरक म्हणाल तर शहरात शून्य, आणि शून्यच येणार, कारण अर्धवट पाय दाबलेला असताना हवा अडवतो तो थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप), फिल्टर नाही. खंबाटकी घाटात चौघं बसलेत, एसी चालू आहे आणि पाय पार खाली आहे, तेव्हा वरच्या आरपीएमला गाडी किंचित मोकळी वाटते, तेही पाच हजार दिल्यामुळे वाटत असेल. आवाज थोडा खोल झाला, तो आवडला मला. अ‍ॅव्हरेज होतं तेवढंच आहे. अमेरिकेतल्या ओक रिज लॅबने 2009 मध्ये मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून टेस्ट केल्या होत्या, त्यातही इंजेक्शनवाल्या नव्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज फारसं हललं नव्हतं, पिकअप मात्र पडला होता. तरी फिल्टर बदलून लिटरमागे चार किलोमीटर वाढले म्हणणारे भेटतात, त्यांना कोपरापासून नमस्कार.

देखभाल जरा किचकट आहे. कापडाच्या घड्यांना लाल तेल असतं, धूळ त्यालाच धरते. धुताना पाणी आतल्या बाजूने बाहेर सोडायचं, प्रेशर गन अजिबात नको, सावलीत खडखडीत वाळवायचा, मग बेतानेच तेल. जास्त ओतलंत आणि गाडीत एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल तर तेल त्याच्या तारेवर जाऊन बसतं आणि इंजिन लाईट पेटते. क्लीनिंग किट वेगळं विकत घ्यावं लागतं, ते बजेटमध्ये धरा.

पैशाचं बोलायचं तर तेवढ्यात बारा-तेरा कागदी फिल्टर येतात, दरवर्षी एक बदलला तरी गाडी आधी भंगारात जाईल. म्हणून पाचपैकी साडेतीन. रनिंग भरपूर असेल आणि स्वतः धुण्याची हौस असेल तर घ्या, नाहीतर कागदीच नवा टाका आणि उरलेल्या पैशात चांगले वायपर आणि अलाइनमेंट करून घ्या. कोन लावायचाच असेल तर इन्शुरन्सवाल्याला आधी विचारा, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत असं सांगितलेलं आहे, उद्या क्लेम अडला तर मित्र येत नाही भरायला.

नाना पेठेत घ्यायला जाणार असाल तर जुना फिल्टर पिशवीत घालून न्या आणि दुकानातच कडेला कड लावून बघा, "बसतो साहेब" वर जाऊ नका. आणि एक कागदी डिकीत पडू द्या, कापडी धुतला की वाळेपर्यंत गाडी त्याच्यावरच चालवायची आहे.