उद्यमनगरचं कॅरिअर, ताडपत्रीच्या बॅगा आणि काठमांडू : आठ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये बुलेटला सामानाचं कॅरिअर कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्ड करून घेतलं आणि त्यावर टांगायच्या दोन बॅगा ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून शिवून घेतल्या. कॅरिअरचे २,८०० आणि बॅगांचे ३,२००. कंपनीच्या तयार सेटच्या किमती ऐकून आलो होतो, त्यामुळं घासाघीस केलीच नाही. आता फेब्रुवारी संपत आला. मधे आंबोलीचा पाऊस झाला, गगनबावड्याच्या फेऱ्या झाल्या आणि दिवाळीनंतर कोल्हापूर-काठमांडू-कोल्हापूर झालं, फिरून-बिरून ४,३०० किलोमीटर.

मेस्त्रींनी विचारलं होतं, "कुठवर न्यायची?" काठमांडू म्हटल्यावर मान वर न करता म्हणाले, "मग दोन पट्ट्या जादा मारतो की." डाव्या बाजूचं साडी गार्ड काढून त्याच बोल्टांवर फ्रेम बसली. उजवीकडं मात्र सायलेन्सर, म्हणून तिकडची फ्रेम तीन बोटं बाहेर काढावी लागली. पुढची निम्मी भानगड या तीन बोटांची आहे.

पाऊस आधी सांगतो. आंबोलीत दोन तास धो धो पावसात गाडी चालवली. ताडपत्रीतून थेंब आला नाही, शिवणीतून आला. पंक्चरवाल्याकडचं सोल्यूशन शिवणीला आतून फासलं, तेव्हापासून कोरडं.

जाताना सोलापूर, नांदेड, नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर असे गेलो. नेपाळच्या सीमेवरच्या सोनौलीपर्यंत कॅरिअरनं हूं की चूं केलं नाही. एकच शहाणपण नागपूरला आलं: टूलकिट, चेन स्प्रे आणि ट्यूब डाव्या बॅगेत, कपडे उजव्या बॅगेत. उजवी बाजू आधीच बाहेर, तिच्यात वजन भरलं तर गाडी वळणावर ओढते.

सोनौलीला कमानीपलीकडं गेलं की बेलहियात गाडीचा भन्सार करायचा, म्हणजे किती दिवस राहणार ते सांगून तेवढ्या दिवसांचे पैसे भरायचे. व्हिसा लागत नाही. मी मतदार ओळखपत्र आणि पासपोर्ट दोन्ही नेले होते. आरसी आपल्याच नावावर असलेली बरी. दिवस एक-दोन जास्तच लिहा, मुदत वाढवत बसणं हा वेगळा ताप आहे. भन्सारची पावती काठमांडूत पोलीस बघतात आणि परतताना पुन्हा लागते. डाव्या बॅगेला बाहेरून एक चपटा खिसा ताडपत्रीवाल्यानं स्वतःच्या डोक्यानं लावला होता. तेव्हा मला तो फालतू वाटला होता. सगळ्या प्रवासात सगळ्यात जास्त वेळा उघडला तो हाच.

बुटवल ते नारायणगढ रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं. दाउन्नेच्या चढाला रस्ता कुठला आणि धूळ कुठली कळत नव्हतं. इथं दोन गोष्टी झाल्या. धुळीनं उजव्या बॅगेची चेन अडकली, ती आजतागायत सुधारलेली नाही. आणि खड्ड्यात बॅग हेलकावून सायलेन्सरला टेकली, तळाला रुपयाएवढं भोक पडलं. एक टीशर्ट गेला. बरोबरच्या दोस्ताची अ‍ॅल्युमिनियमची महागडी पेटी होती. तो त्याच चढाला आडवा झाला. माणसाला काही नाही, पण पेटीचं झाकण वाकलं ते लागेचना. परत कोल्हापूरपर्यंत दोरीनं बांधून आणलं.

काठमांडूत गाडीचा नाही, रुंदीचा प्रश्न येतो. रिंगरोडवर मायक्रोबस दोन्हीकडून घासून जातात, आणि २०१७ पासून तिथं विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी. आपल्याला हॉर्नशिवाय हात-पाय नसल्यासारखं होतं. पहिल्या दिवशी एका मायक्रोबसला उजवी बॅग घासलीच. असनच्या बाजारात सहा वाटा एकत्र येतात, तिथं बॅगांसह शिरणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत म्हैस घालणं. मी शिरलो. दुसऱ्यांदा नाही. ठमेलच्या लॉजवर बॅगा उतरवायला दहा मिनिटं लागायची, कारण बकल शाळेच्या दप्तराची आहेत आणि प्रत्येक बॅगेला सहा. तीन मजले चढून जायचं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी पशुपतिनाथाला गेलो. तिथले मुख्य पुजारी परंपरेनं कर्नाटकातले असतात. म्हटलं, निपाणीपलीकडची माणसं इथवर येऊन पूजा करतात, मग आपल्या बुलेटचं काय कौतुक.

लॉजच्या अंगणात गाडी धुताना उजव्या फ्रेमच्या खालच्या जोडाला तडा दिसला. तीच तीन बोटं. बालाजूकडं वेल्डिंगवाला आहे कळलं, गेलो. त्यानं जोड घासून साफ केला, आडवा तुकडा लावला, वीस मिनिटांत काम. ५०० नेपाळी, म्हणजे शंभराला एकशे साठच्या हिशेबानं आपले सव्वातीनशेच्या आत. दोस्ताच्या झाकणाला मात्र अख्ख्या शहरात कोणी हात लावायला तयार नव्हतं. इथं आल्यावरही नवीन झाकण महिन्यानं आलं.

कोणी करून घेणार असाल तर: चेन नको, तोंड गुंडाळून बांधायची बॅग सांगा. बकल दोनच, पण मोठी. सायलेन्सरच्या बाजूला पत्र्याची ढाल पहिल्यापासून लावून घ्या, मी नंतर १५० रुपयांत लावली. आणि बाहेर काढलेल्या फ्रेमला खालून तिरकी पट्टी हवीच.

परत आल्यावर मेस्त्रींना तडा दाखवला. जादाच्या दोन्ही पट्ट्या त्यांनी वरच्या बाजूला मारल्या होत्या, ते त्यांच्याही लक्षात आलं असावं. नेपाळच्या वेल्डिंगवरून बोट फिरवलं, "हात बरा हाय त्याचा" म्हणाले, आणि खालून तिरकी पट्टी मारून दिली. पैसे घेतले नाहीत. सध्या डाव्या बॅगेतून गूळ आणतो. उजवीची चेन बदलायची राहिलीय.