वेन शॉर्टर: ‘जूजू’ की ‘स्पीक नो इव्हिल’?

जॅझ सॅक्सोफोनवादक शॉर्टरचे हे दोन्ही अल्बम १९६४ साली ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्ड झालेले, दोन्हीकडे ड्रम्सवर एल्विन जोन्स. तरी एकच घ्यायचा तर मी ‘स्पीक नो इव्हिल’ घेईन. फ्रेडी हबार्डचा ट्रम्पेट, हर्बी हॅनकॉकचा पियानो, रॉन कार्टरचा बेस. आणि शॉर्टरच्या रचनांना श्वास घ्यायला मोकळी जागा. त्यातलं ‘इन्फंट आइज’ तर ऐकाच! ट्रम्पेट गप्प असतो. नेहमीच्या आठऐवजी नऊ-नऊ बारचे (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा गट) तीन भाग. शॉर्टर एकेक सूर लांबवतो आणि खाली हॅनकॉकचे कॉर्ड बदलले की त्याच सुराचा रंग पालटतो.

‘जूजू’त चौघंच. पियानोवरचा मॅकॉय टायनर आणि जोन्स तेव्हा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीतले, त्यामुळे सगळंच धगधगतं. शॉर्टरच्या टेनर सॅक्सोफोनचा खरा जोर मात्र इथेच कळतो.