१४,२५० रुपयांचा मिठाईचा पुठ्ठा

कॉमिक ठेवायला खास खोके कशाला लागतात, असं विचारणाऱ्यांनी इथेच थांबावं. पोलीस ठाण्यात ऐकलं, बँकेत ऐकलं, सख्ख्या मेव्हण्याकडून ऐकलं, आता कान किटलेत. ज्यांच्या घरी इंद्रजालचे मराठी अंक आणि चांदोबाचे गठ्ठे आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं. छापलेलं सगळं वर्तमानपत्राच्या जातीच्या कागदावर. त्या कागदातलं लिग्निन (लाकडातून आलेलं द्रव्य) उजेडाने, हवेने पिवळं पडतं, कागद आंबट होत जातो, म्हणजे त्यात आम्ल वाढतं, आणि एक दिवस पान उलटताना कोपरा हातात येतो.

वडिलांनी हे सगळं पत्र्याच्या ट्रंकेत, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलं होतं. आमचं घर नाशकात इंदिरानगरला तळमजल्यावर, पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते. ट्रंकेचा तळ गंजला म्हणून मी नीट सोय करायला गेलो. हौस म्हणून नाही.

माल घेतला तो कॉलेज रोडच्या एका गाळ्यात बसणाऱ्या इसमाकडून. 'आर्काइव्हल', म्हणजे कागद वर्षानुवर्षं टिकवणारा, आम्ल नसलेला माल, थेट आयात, शेवटचा लॉट, पक्कं बिल हवं तर वर जीएसटी, आगाऊ पैसे एका नावावर आणि उरलेले दुसऱ्याच नावावर. हा मसाला तुम्हाला पाठ आहे, लांबण लावत नाही. हिशेब मात्र लिहून ठेवा: सहा खोके, प्रत्येकी ९५० प्रमाणे ५,७००. पिशवी आणि आतला पाठपुठ्ठा अशा सातशे जोड्या, ११ रुपयांनी ७,७००. ओल शोषणाऱ्या पुड्यांचे ८५०. एकूण १४,२५०. त्यातले ७,००० आगाऊ, ७,२५० माल दारात आल्यावर.

आणि कृपा करून 'आधी तपासायचं होतं ना' म्हणू नका. तपासलं होतं! नमुना मागितला, आम्ल ओळखणारं पेन विकत आणून पुठ्ठ्यावर रेघ मारली. आम्ल असेल तर पिवळी, नसेल तर जांभळी. जांभळी आली, झकास. याहून जास्त कोणता गिऱ्हाईक करतो? गोम नंतर कळली. मिठाईच्या डब्यांना जो डुप्लेक्स बोर्ड वापरतात, त्याच्या गुळगुळीत पांढऱ्या थरात खडूचीच भुकटी असते. त्यावर पेन जांभळंच दाखवणार. आत भरलेला असतो रद्दीचा करडा लगदा. पुठ्ठा फाडा, रेघ मधल्या भागावर मारा. वरून मारलेली रेघ फुकट.

आता तो क्षण, ज्याच्यावर अजून रात्री दात-ओठ खातो. टेम्पोवाला फाटकाशी उभा, 'दादा, पेमेंट करा, पुढे सातपूरला जायचंय' म्हणून घाई करतोय. एका पुठ्ठ्याचा कोपरा वाटेत दुमडून फाटला होता, आणि दोन पांढऱ्या थरांच्या मध्ये करडी रेघ. स्वच्छ दिसत होती. पिशव्यांचा गठ्ठा उघडला तर त्या वासाने बायको आतून म्हणाली, 'नवीन रेनकोट आणलात का?' ७,२५० रुपये तेव्हा माझ्या खात्यातच होते! मी त्या इसमाला फोन लावला. तो म्हणाला, 'दादा, ती बफरची लेयर आहे, इम्पोर्टेड मालात असतेच.' बफर खरंच असतं हो. चांगल्या पुठ्ठ्यात आम्ल मारायला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, घालतात, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं म्हणूनच पटलं, आणि पैसे दिले. ज्याला काहीच माहीत नसतं तो या उत्तराने गप्प बसला नसता.

रेनकोटचा वास म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक. ते मऊ ठेवायला घातलेलं तेलकट रसायन हळूहळू बाहेर झिरपतं आणि छपाईची शाई उचलतं. चांगल्या पिशव्या पॉलिप्रॉपिलिनच्या असतात, त्याला असा वास नसतो. पिशवीचा तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून सोडा: पॉलिप्रॉपिलिन वर येतं, पीव्हीसी तळाला बसतं. (महागडं पॉलिएस्टरही बुडतं, तेव्हा बुडालं की लगेच भांडायला जाऊ नका. तांब्याची तार तापवून पिशवीला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की भांडा. हे गच्चीवर करा, धूर वाईट असतो.)

दुसऱ्या पावसाळ्यानंतर खोके उघडले. मुखपृष्ठांचा लाल रंग पिशवीच्या आतल्या बाजूला उमटलेला, अंकावर त्या जागी चट्टे. पिशवी ओढली की टर्रकन पापुद्रा निघतो. पिना गंजून मधल्या पानांवर तांबूस डाग. ८५० च्या पुड्या पाणी सुटून चिकट झालेल्या. फोडल्या तर आत जाडं मीठ निघालं. चव तेवढी घेतली नाही.

गाळ्यावर गेलो, तिथे आता मोमो मिळतात. नंबर बंद.

पोलीस ठाण्यात हवालदाराने आधी विचारलं, 'काका, पुस्तकं चोरीला गेली का?' नाही म्हटल्यावर, 'मग माल मिळाला ना?' मिळाला. 'मग फसवणूक कशी?' मी फाटका पुठ्ठा टेबलावर ठेवला, करडी रेघ दाखवली. त्याने तो शेजारच्याला दाखवला आणि दोघं हसले. 'रद्दीत घातली तर किती येतील?' साहेब आल्यावर साहेबांनी सांगितलं, हा दिवाणी मामला, इतक्या उशिरा का आलात. अहो, नुकसान दिसायलाच दोन पावसाळे लागतात, ते काय मी घडवून आणले? बँकेत म्हणे, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात. ज्या दोन नावांवर पैसे गेले त्यांचा पत्ता मागितला तर 'गोपनीय'. चोराची गोपनीयता सांभाळायला सगळे तयार, माझी कच्ची पावती बघायला कुणी तयार नाही! एका कार्यालयात तर खिडकीवरून फर्मान आलं, आधी स्वतःच्या खर्चाने लॅबचा रिपोर्ट आणा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ मध्ये लिहिलंय की तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर ग्राहक आयोगच नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. हे मी त्या खिडकीला सांगितलं. खिडकी जेवायला गेली.

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाकडे तक्रारीची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे नुसती 'एस्टिमेट' लिहिलेली कच्ची चिठ्ठी. जीएसटी वाचवायला पक्कं बिल सोडू नका. पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तिथल्या तिथे फोन करा, मला ती संधीच नव्हती. आणि आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, माझी संपत आलीय.

परवा मेन रोडला नाण्यांच्या अल्बमच्या नावाने तोच रेनकोटी वास आणि तेच गुळगुळीत पुठ्ठे पाहिले, विकणारा पोरगा वेगळा. कॉलेज रोडच्या त्या गाळ्यातून कुणी काही घेतलं असेल तर चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद फेकू नका. सारखीच तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र अर्ज करता येतो, आणि दोन-तीन चिठ्ठ्या जुळवल्या तर कुणाच्या तरी चिठ्ठीवर पत्ता निघेल.